अर्ध्यावर राहिलेला पत्त्यांचा डाव

बायको गेली तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेटीवर जातो, परत येतो, पायरीवर टेकतो, उठतो. लोक म्हणतात देवळात बस. तिथे बसून काय होणार?

घरात तिचा जुना कॉम्प्युटर होता. आम्ही दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यांचं बुकिंग ती त्यावर बघायची. बुकिंग थोडं, पत्ते जास्त. मी मागे उभा राहून सांगायचो, लाल सत्ती काळ्या अठ्ठीवर लाव. ती मान न वळवता म्हणायची, "गप रवा, माका दिसता."

हॉस्पिटलात जायच्या दिवशी डाव अर्धा होता. मशीन बंद करताना म्हणाली, "हात लावू नकात. इल्यावर पुरो करतलंय." आली नाही.

मी हात लावला नाही. पावसाळ्यात होडी ओढून झाकतो, तसा कॉम्प्युटर ताडपत्रीत गुंडाळला, जाळ्याच्या दोरीने आवळला. होडीला खालून वारा लागतो, ह्याला कुठून लागणार? आतल्या आत घामेजला. गणपतीच्या आधी सोडला तर आत सगळं हिरवं. कुडाळच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, डिस्कही गेली.

मुलगी कुडाळातच एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघते. ती म्हणाली, बॅकअप माझ्याकडे आहे. आई मशीन बंद करायची तेव्हा सगळं आपोआप मुलीकडे साठवलं जायचं. पण त्यातून फोटो, बुकिंग निघेल, डाव नाही. तो खेळ जुन्या मशीनशिवाय चालत नाही, आणि तसलं मशीन आता मिळत नाही. मला फोटो नको होता. फोटो भिंतीवर आहे, हार घातलेला. मी मुलीला रोज फोन करून पिडलं.

दिवाळीत ती लॅपटॉप घेऊन आली. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय आली होती. साठवलेलं अख्खं मशीन दुसऱ्या मशीनच्या पोटात चालू करता येतं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. मी म्हटलं, म्हणजे माशाच्या पोटातली गाबोळी. ती म्हणाली, तसंच समजा.

पडद्यावर बायकोने लावलेला अबोलीचा फोटो आला. मग डाव. लाल सत्ती तिथेच, काळी अठ्ठी शेजारी. मेलीने लावली नव्हतीच.

मुलगी म्हणाली, "काय पण हलवा, बाबा. बंद करून परत चालू केल्यार आयेन ठेयलेलो तसोच मिळतलो."

लॅपटॉप माझ्याकडे ठेवून ती गेली. मी रोज बसलो. पानं हलवायची, बंद करायचं, पुन्हा पहिल्यासारखं. जाळं ओढून आणावं आणि बघावं तर ते अजून पाण्यातच, तसं. उलट जेटीवर जास्तच फेऱ्या घालायला लागलो. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा सांगितलं, मी हलवलेलं राहील असं कर.

ती म्हणाली, तसं केलं तर आईने ठेवलेला डाव इथे पुन्हा दिसणार नाही.

"जांवदे. तुझ्या आवशीक तो पुरोच करूचो होतो."

तिने काय ते बदललं आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी लाल सत्ती काळ्या अठ्ठीवर ठेवली. सत्ती होती तिथलं खालचं पान उलटलं. चौकटची राणी.

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, ती काळ्या राजावर."

"गप रव गो," मी म्हटलं. "माका दिसता."