गुडघ्यातला भूकंप

"लेकराले घरात निजवू नोको, माय. या हप्त्यात धरती हलते म्हणजे हलते!"

सेलूच्या बसस्टँडवर फुटाणे विकणारा म्हातारा एका बाईला बजावत होता. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. वर्ध्याला कॉलेजात जाताना मी त्याला रोज बघायची. भूकंप आधी त्याच्या डाव्या गुडघ्यात यायचा. गुडघा ठणकला की तो त्यावर रुईचं पान बांधायचा आणि गिऱ्हाइकांना सावध करायचा. मग पानठेल्यावरच्या रेडिओवर जपानचा, चिलीचा, कुठलाही भूकंप ऐकू आला की मूठ-मूठ फुटाणे फुकट वाटायचा. "सांगतलं होतं का नाई मी?" बातमी आलीच नाही, तर गुडघा गारठ्यानं दुखलेला असायचा.

जगात कुठे ना कुठे जमीन रोजच हलते. त्या हिशेबानं माझाही गुडघा ज्योतिषी ठरला असता. मी मनातल्या मनात त्याला नापास करायची आणि त्याचे फुटाणे गुपचूप खायची.

"कालपासून आंगनातच निजून राह्यलो, बावा," ती बाई म्हणाली. "थंडीनं याची छाती भरली." मूल खरंच घरघरत होतं.

"अजून थोडं सोस, माय," म्हातारा गुडघा चोळत म्हणाला.

माझी बस लागली होती. तरी मी थांबले.

"बाबा," मी म्हणाले, तसा सगळा स्टँड माझ्याकडे बघू लागला, "तुमच्या गुडघ्याला आधी गाव विचारा. जपान म्हणत असेल, तर हिला घरात झोपू द्या."