घरच्या बैलाचा भाव

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण आजही आठवून बरं वाटतं ते एका बैलाच्या केसमुळे. निजामाची अमदानी होती. मी तरुण अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. भोकरदनकडच्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता आणि ठाण्यासमोरच आठवड्याचा बैलबाजार भरे. त्या दिवशी ठाण्यात कामापेक्षा धूळ जास्त.

पेरणी तोंडावर आली होती. पिंपळगाव रेणुकाईकडची एक बाई बैल चोरीला गेल्याची फिर्याद देऊन गेली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, शेतीचं सगळं तिच्याच अंगावर. जोडीतला एकच बैल उरला, तर तिफण बांधावरच पडून राहणार आणि वर्षाची पेरणी हुकणार. फिर्याद लिहून घेताना तिने बैलाचं नाव आधी सांगितलं, हिरा, स्वतःचं नंतर.

पुढच्याच बाजाराला आमचा खबऱ्या येऊन कानाशी लागला. "सायेब, एका बैलाची शिंगं ताजी साळल्याली दिसून राह्यलीत. पोळा तर लई लांब हाय."

शिंगं साळणं म्हणजे तासून गुळगुळीत करणं. लोक ते पोळ्याला करतात, कुणी विकायच्या आधीही करतात. त्यात गुन्हा काही नाही. पण शिंगं साळली की बैलाचा चेहराच बदलतो, हे शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला ठाऊक होतं. मी बैल आणि विकणारा दोघांनाही ठाण्यात आणवलं आणि बाईला निरोप धाडला.

विकणारा तिशीतला, नीटनेटका, बोलायला अदबशीर. "घरच्या गाईचा गोऱ्हा हाय सायेब. मीच वाढवला. दुसरी जोडी हाय, म्हून ह्याला इकून राह्यलो." साक्ष द्यायला बाजारातली दोन माणसंही त्याच्यासोबत आली होती.

बाई आली ती थेट बैलाकडेच गेली. बैलाने तिचा हात चाटला.

"ह्योच माझा हिरा! शिंगं साळली म्हून काय झालं, डोळे बी साळले का?"

आमचे जमादार जुने, मुरलेले. ते म्हणाले, "साहेब, हातात कडबा धरला तर बैल कुणाचाबी हात चाटतो. हा काही सबूत न्हाई."

बोलणं बराबर होतं. मी थोडा विचार केला आणि दोघांना वेगवेगळं बोलावलं. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून सौदा करायचा, म्हणजे बघ्यांना आकडा कळत नाही. मी त्या माणसाला म्हटलं, "वाद मिटला की बैल घेणारं एक गिऱ्हाईक माझ्याकडे आहे." उपरणं टाकलं. त्याने बाजारभाव दाबला. मी बोटं कमी केली. त्याने थोडं ओढून धरलं आणि लगेच माझा कमी भाव कबूल केला. म्हणाला, "जल्दी होऊन जाऊ द्या सायेब."

मग बाईला बोलावलं. परपुरुषाच्या हातात हात द्यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तोंडीच विचारलं, "मावशी, बैल विकायचाच झाला तर काय घ्याल?"

तिने जो भाव सांगितला त्यात चांगली जोडी आली असती. जमादारांना हसू आवरेना.

"मावशी, एवढा भाव कोण देणार?"

"न देऊ द्या. म्या काय इकायला आल्ते का?" मग तिनेच विचारलं, "पर घेणार कोन हाय? त्याच्या गोठ्यावर सावली हाय का? ह्याला ऊन सोसत न्हाई."

ती बाहेर गेल्यावर जमादार म्हणाले, "बाई झूट बोलून राह्यली साहेब. बैलाचा भाव तरी ठाऊक हाय का तिला? तो माणूस बघा, कसा रीतीनं बोलला."

"जमादार, तिथंच तो फसला," मी म्हटलं. "लहानाचा मोठा केलेला बैल, आणि इतक्या रीतीनं सोडतो? घेणारा शेतकरी आहे की खाटीक, एवढंही त्यानं विचारलं नाही."

पण माझ्या मनाची खात्री कोर्टात चालत नाही. म्हणून पंचांसमक्ष दोघांना वेगवेगळं विचारलं, बैल जुवाच्या कोणत्या बाजूला चालतो? एकदा लागलेली बाजू बैल सहसा बदलत नाही. तो म्हणाला उजव्या, बाई म्हणाली डाव्या. बाजारातल्या एका गाडीचं जू मागवलं. दोन शिपायांनी ते उचलून धरलं आणि बैल मोकळा सोडला. बैल वळसा घालून डावीकडे गेला आणि त्याने जुवाखाली मान दिली.

त्या माणसाचा चेहरा उतरला. साक्षीदार तर केव्हाच गर्दीत मिसळले होते. खोलीत घेऊन मी एवढंच विचारलं, "शिंगं कुठे साळलीस?" एक शिवी नाही, एक चापट नाही. तो खालीच बसला. "केदारखेड्याच्या वाटंवर, सायेब. बांधावरून सोडून आनल्ता."

मुद्देमाल म्हणून बैल अडकवून ठेवता आला असता, पण पेरणी थांबणार नव्हती. अदालतीची परवानगी काढून मी तो बाईच्याच ताब्यात दिला. जाताना जमादारांनी तिची चेष्टा केली, "मावशी, आता तरी भाव कमी करा!"

"आता तर वाढला, जमादार," ती म्हणाली आणि हिऱ्याच्या पाठीवर थाप मारून चालू लागली. त्या साली तिची पेरणी वेळेवर झाली. तिने मुद्दाम माणूस धाडून मला तसं कळवलं, याचा मला फार आनंद झाला.

व्यवहारात माणूस नफा-तोटा पाहूनच वागतो, असं शहाणे सांगतात. परक्या वस्तूच्या बाबतीत वागतही असेल. आपल्या वस्तूला माणूस बाजाराच्या मापाने मोजत नाही. त्यात त्याने काढलेले उन्हाळे-पावसाळे धरलेले असतात. पुढे मालमत्तेचा कुठलाही वाद आला, की जास्त भाव सांगणाऱ्याला मी एकदम लबाड म्हटलं नाही.

निवृत्त झालो तेव्हा माझी घोडी विकायला काढली. एकाने चांगली रक्कम पुढे केली. सौदा जवळजवळ ठरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पागेवर सावली आहे का?"

तो नुसताच हसला. घोडी मी दुसऱ्याला दिली. त्याने पैसे कमी दिले, पण त्याच्या दारात कडुलिंबाचं मोठं झाड होतं.