लाइन मोकळी ठेवणाऱ्या जाईबाई

काळेवाडीत कोंडीरामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ होते आणि त्या गल्लीत दुर्मीळ असलेली एक वस्तू होती: टेलिफोन. दीर्घ प्रतीक्षेनंतर तो १९७६ साली लागला आणि कोंडीरामांचे भाग्य पालटले. पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांत एखादा सुटा भाग अकस्मात कमी पडला की खरेदी खात्याचे साहेब ओळीने फोन फिरवीत. जो प्रथम उचली, त्याला काम मिळे. शेजारच्या हिंदुरावांचे यंत्र नवे, हातही अधिक सफाईचा. परंतु त्यांच्यापर्यंत वार्ता पोहोचेतो काम दुसऱ्याच्या पदरात पडलेले असे.

लेथच्या घरघरीत कोंडीरामांना घंटा ऐकू येत नसे. म्हणून फोनपाशी त्यांच्या पत्नी जाईबाई बसत.

"कोंडीराव, तुमी लेथवर न्हाई, वैनींच्या कानावर जगताय!" हिंदुराव हसून म्हणत. त्या हास्यातली कळ जाईबाईंना जाणवे.

घराचा दंडक एकच होता. दिवसा घरगुती बोलणे नाही. लाइन मोकळी राहिली पाहिजे. जाईबाईंनी तो व्रतासारखा पाळला. देहूला माहेरी आई अंथरुणाला खिळली, तरी त्यांना तिकडे जाणे साधेना. "एवढी ऑर्डर लागू दे, मग जा," असे कोंडीराम म्हणत, आणि प्रत्येक ऑर्डरीमागे दुसरी उभी असे.

माघातल्या एका सकाळी घंटा वाजली.

"जाई, मी किसनदादा. पोस्टातनं बोलतुया. थांब, आईला..."

"दादा, आत्ता नगं! कंपनीचा फोन यायचाय. सांजच्याला लाव."

त्यांनी फोन ठेवला. कंपनीचा फोन खरोखरच आला. वर्षभराचे काम मिळाले. कोंडीरामांनी पेढे आणले.

सायंकाळी फोन आला नाही. सायकलवरून गावचा माणूस आला. आई गेली होती.

अग्निसंस्कारानंतर इंद्रायणीच्या काठी किसन बहिणीजवळ बसला. "आईनं हट्टच धरला, जाईचा आवाज ऐकायचा. बैलगाडीत घालून पोस्टात आणली. फोन तिच्या कानाशी नेतोय, तवर तू..."

"दादा, काय म्हनली ती?"

"म्हनली, लेक कामात हाय. तिला वरडू नगंस."

जाईबाई पुन्हा फोनपाशी बसू लागल्या. मात्र गल्लीतल्या कुणासाठी गावाकडून फोन आला, तर रिसीव्हर बाजूला ठेवून त्या स्वतः त्याला बोलवायला जात.

"लाइन अडकून ऱ्हाती. वर्साचं काम जाईल," कोंडीराम एकदा म्हणाले.

"जाऊ द्या."

पुढे ते काम खरोखरच गेले. कोंडीरामांनी पत्नीला ते बोलून दाखवले नाही. जाईबाई दाराबाहेर उन्हात, पदर तोंडाशी धरून उभ्या असत. आत लातूरकडचा एखादा कामगार आपल्या आईशी ओरडून बोलत असे.