कागदाच्या गोवऱ्या

कल्याणला खाडीकाठी कागदाची एक लहानशी गिरणी होती. तिथे मी कारकुनी करत असे. त्या श्रावणात आमच्याकडे मुलगी झाली, तीही सातव्या महिन्यात. सुईण जाताना बजावून गेली, "दोघींचा शेक तुटू देऊ नका. शेगडी विझली की पोर हाती लागणार नाही."

पण शेगडीत घालायचं काय? नदीला पूर, म्हणून रानातल्या मोळ्या येणं बंद. घरच्या गोवऱ्या भिजून पुन्हा शेण झालेल्या. गिरणीचा दगडी कोळसा साहेबाच्या कुलपात. मी त्याच्या हातापाया पडलो, तो ढिम्म हलला नाही.

मग मला अक्कल सुचली. गिरणीत चिंध्या आणि पेंढा चुना-सोडा घालून उकळत. त्यातून निघणारा काळा चिकट चोथा आणि नंतरच्या धुण्यातला पांढरा गाळ, दोन्ही खाडीत जाई. म्हटलं, याच्याच गोवऱ्या थापू आणि भट्टीच्या गरम भिंतीवर वाळवू. चिंध्या निवडणारी एक म्हातारी आगरीण माझं थापणं बघत उभी राहिली. म्हणाली, "दादा, धवला नको. धवला जलाचा नाय. काला न्या." पांढरा जळायचा नाही म्हणे.

काळ्याला मी हात लावणार नव्हतो. कुणाकुणाच्या अंगावरच्या, कदाचित तिरडीवरच्याही त्या चिंध्या. त्यांची घाण बाळंतिणीच्या उशाशी जाळायची? पांढरा गाळ कसा स्वच्छ दिसत होता. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पांढऱ्या गोवऱ्या पेटल्याच नाहीत. सगळा चुनाच तो. धूर मात्र खोलीभर. दोन दिवस मी फुंकत बसलो, घरातलं तूप ओतून झालं. बायको पोरीला पोटाशी धरून ग्लानीत नुसती थरथरत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझं सोवळं गळून पडलं. धावत गिरणीत गेलो. म्हातारीने न सांगता काळ्या गोवऱ्या थापून, वाळवून ठेवल्या होत्या. टोपली माझ्या डोक्यावर देताना एवढंच म्हणाली, "दोनी येकाच चिंध्यांचा, दादा."

त्या गोवऱ्या पहिल्याच काडीला पेटल्या. खोली तापली, बायकोची थरथर थांबली. तिने डोळे उघडले आणि मुलीला माझ्याकडे दिलं.

"आता हिला शेका," ती म्हणाली.

पोर हाताला गार लागली आणि मला कळलं. बायकोला सांगायचा धीर झाला नाही. मी पोरीला शेकत बसलो.