मागे वळता न येणारा खेळ

मोहालीच्या ज्या गेम स्टुडिओत मी काम करते, तिथे एका सोमवारी आम्हाला सांगण्यात आलं की आपल्या भुताच्या खेळाचा आता बंदुकीचा खेळ करायचा आहे. या मालिकेच्या तिन्ही भागांवर मी मनापासून काम केलं होतं. पडक्या हवेलीत टॉर्च घेऊन एकट्याने फिरायचं, लपायचं, श्वास रोखून उभं राहायचं. हातात हत्यार नाहीच. नवा खेळ मात्र मॉलमधल्या गेमझोनसाठी होता, रेल शूटर पद्धतीचा. म्हणजे खेळाडू ट्रॉलीत बसणार, ट्रॉली रुळांवरून आपली आपण जाणार आणि त्याने फक्त प्लास्टिकच्या बंदुकीने नेम धरायचा.

मला रडूच यायचं बाकी होतं. आमचे टीम लीड शांत स्वभावाचे सरदारजी. घाबरवायचं कसं ते तुला कळतं, म्हणून हे तूच कर, असं म्हणून ते मोकळे झाले.

दोन महिने मी भिंतीतून, छतातून, खाटेखालून भुतं काढली. खेळून बघायला शेजारच्या खरड गावातल्या कॉलेजची मुलं यायची. ती धडाधड गोळ्या झाडायची, खिदळायची आणि स्कोअर विचारून निघून जायची. ही भुतं आहेत की जत्रेतले फुगे, असं लीडनी एकदा हळूच विचारलं. खरं होतं, म्हणूनच मला ते लागलं.

त्याच सुमारास सांगलीहून आई राहायला आली. माझा एकही खेळ तिने खेळलेला नव्हता. एकदा प्रयत्न केला होता, पण पात्राला चालवणं तिला जमेना. दहा मिनिटं ते भिंतीलाच धडका देत राहिलं. तेव्हापासून मी काय करते असं कुणी विचारलं, की ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच ती सांगायची.

शनिवारी तिला स्टुडिओ दाखवायला नेलं. लीडनी स्वतः तिच्यासाठी चहा आणला आणि बंदूक तिच्या हातात दिली. यात चालायचं नसतं, हे कळल्यावर आई खुशीत पुढे सरसावली. पहिल्या टप्प्यात तिचा एकही नेम लागला नाही. दुसऱ्या टप्प्यात आमचीच चूक निघाली. भूत पडद्यावर आलंच नाही, नुसते त्याच्या पावलांचे आवाज मागच्या स्पीकरमधून येऊ लागले. मी ओशाळून खेळ बंद करायला हात पुढे केला. पण आईने मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

“अगं, मागं कोण चालतंय?”

“कुणी नाही, आई. चुकून आवाज येतोय. बंद करते.”

“थांब. मला मागं वळता का येईना?”

“ट्रॉली फक्त पुढेच जाते.”

तिने माझं मनगट घट्ट धरलं. “मग तर संपलंच,” ती म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. शेवटपर्यंत तिने बंदूक काही खाली ठेवली नाही.

लीड माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. दोन महिने मी त्या रुळांना शिव्या घालत होते, आणि सगळी भीती त्या रुळांतच होती. सोमवारी मी निम्मी भुतं काढून टाकली. मागची पावलं ठेवली आणि प्रत्येक टप्प्यात ती थोडी जवळ आणली.

त्या संध्याकाळी आईने मावशीला फोनवर सगळा खेळ रंगवून सांगितला. मी पोळ्या लाटत ऐकत होते. हवेलीत नसलेली एक विहीरही तिने मध्ये घातली. मी तिला अडवलं नाही.

खेळ मोहालीच्या एका मॉलमध्ये लागला, तेव्हा लीड आणि मी गर्दीत उभं राहून बघत होतो. एका धिप्पाड मुलाने मागे वळून पाहताना कोपराने मित्राचं कोल्ड्रिंक सांडलं. त्याच्यानंतर खेळलेल्या मुलीने बंदूक खाली ठेवली, ओढणी सारखी केली आणि सरळ जाऊन पुन्हा रांगेत उभी राहिली.