मेलबर्नचा पहिला घोडा आणि पुण्याचा नालबंद

अमेरिकेत अर्विंगला मुलाकडे, नीलेशकडे येऊन तीन आठवडे होताहेत तोवर आमच्या ह्यांनी अख्ख्या देशात बघण्याजोगी एकच जागा हुडकली, घोड्यांचा रेसकोर्स. पुण्यात चाळीस वर्षं घोड्यांना नाल ठोकलेला माणूस दुसरं काय हुडकणार म्हणा! मॉलमध्ये ह्यांचे गुडघे दुखतात, इथे दुखत नाहीत.

नीलेश शनिवारी आम्हाला ड्राइव्ह करून घेऊन गेला. ऊन वैशाखाला लाजवील असं. मी दशम्यांचा डबा उघडेपर्यंत हे पॅडॉकच्या (शर्यतीआधी घोडे फिरवतात ती जागा) कठड्याला चिकटलेही होते. समोर एक तांबूस घोडी आणि तिची ट्रेनर, ऑस्ट्रेलियाची साठीची बाई. घोडीची ही शेवटची शर्यत. आजवर कितीदा दुसरी आली, पहिली एकदाही नाही.

ह्यांनी मेलबर्न कपचं नाव काढलं आणि बाई खुलली. दीडशेहून जास्त वर्षं चाललेली शर्यत, त्या दिवशी शहराला सुट्टी, सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन. पहिल्या वर्षी जिंकलेला घोडा म्हणे शेकडो मैल चालत आला होता.

"दंतकथा असेल," भाषांतर करता करता नीलेश म्हणाला.

"असू दे. त्याला नाल कोणी ठोकली होती, ते विचार," हे म्हणाले.

बाईला घोडा, जॉकी, ट्रेनर सगळ्यांची नावं पाठ होती. नालबंदाचं ठाऊक नव्हतं. हे जरा हिरमुसले. मग घोडी समोरून गेली आणि ह्यांनी कान टवकारले. "हिचा मागचा डावा पाय वेगळा वाजतोय. नाल ढिली आहे."

"बाबा, प्लीज. त्यांचे एक्स्पर्ट्स आहेत इथे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे चुकले तर ऐन वेळी त्या बाईच्या जिवाला घोर, आणि तोही आमच्यापायी. पण हे हटेनात. शेवटी नीलेशने सांगितलं. बाईने तिथल्या नालबंदाला बोलावलं. त्याने खूर उचलला, नाल हलवली आणि ह्यांच्याकडे बघून मान डोलावली. दोन खिळे सुटले होते. त्याने तिथेच नवे ठोकले.

वळणापर्यंत घोडी चौथी. मग जी सुटली, ती कोणाच्या बापाला ऐकेना. पहिली आली! मी डबा बडवून ओरडत होते, दशम्या कुठे सांडल्या देव जाणे. बाई तर रडतच होती.

जिंकल्याच्या फोटोत तिने ह्यांना हाताला धरून उभं केलं. फोटोखाली स्वतः नावं लिहिली: घोडीचं, जॉकीचं आणि नालबंद म्हणून ह्यांचं. खिळे ठोकणाऱ्यानेच तसं सांगितलं म्हणे.

पुण्याला परतल्यावर तो फोटो टीव्हीच्या वर लावलाय. येणारे विचारतात, "काकू, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, काका कुठे बघतायत?"

मागच्या डाव्या पायाकडे.