मागचे दोन स्पीकर

ह्यांची नजर गेली त्याला आता दोन वर्षं झाली. साखरेनं आधी डावा डोळा खाल्ला, मग उजवा. कसाऱ्याला रेल्वेत सिग्नलवर उभं आयुष्य काढलेला माणूस, तो आटगावच्या घरात हॉलमधल्या खुर्चीवर येऊन बसला. मी डोळखांबकडच्या शाळेवर शिकवते. सकाळी निघते ती संध्याकाळी उगवते. दिवसभर हे एकटे.

सुरुवातीला सिनेमे ऐकायचे. मग तेही बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, "सगळी माणसं एकाच भोकातनं बोलतात गो. कोण आलं, कोण गेलं, काय कळत नाय." त्यानंतर टीव्ही लावू का विचारलं की नुसती मान हलवायचे. माझं बोलणंही अर्धं ऐकल्यासारखं करायचे. मला खरंच भीती वाटायला लागली. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत आतल्या आत बुडत चाललाय असं वाटायचं.

आणि घरात सगळं होतं हो! ह्यांनी हौसेनं घेतलेला रिसिव्हर, म्हणजे तो काळा जडशीळ डबा, ज्याला पाच स्पीकर आणि जमिनीवरचा एक ठोकळा जोडतात. समोर तीन स्पीकर, पाठीमागे दोन. डोळे होते तेव्हा मला त्या डब्याला हात लावू द्यायचे नाहीत, फडका मारण्यापुरता काय तो माझा अधिकार. मधे घराला रंग काढला तेव्हा सगळ्या वायरी सुटल्या. आमच्याकडे हळदीला साउंड लावणारा एक ओळखीचा आहे, त्यानं येऊन त्या परत जोडून दिल्या होत्या. पण ह्यांचे सिनेमे माझ्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपचा आवाज त्या डब्यात कसा घालायचा ते मला ठाऊक नाही.

एका रविवारी भाजी फोडणीला टाकून मी कंबर कसली. लॅपटॉपला हेडफोनचं भोक असतं, त्यात पिन घातली, दुसऱ्या टोकाची लाल-पांढरी बोंडं डब्याच्या पाठीत खुपसली. सगळे स्पीकर एकदम बोलायला लागले. मी तर खूश! म्हटलं, "ऐका आता चहूबाजूंनी."

ह्यांनी कान टवकारले आणि तोंड वाकडं केलं. "पुढनं येतंय तेच मागनं येतंय. सगळीकडनं एकच बोंब."

"अहो, येतोय ना आवाज?"

"आवाज येतोय गो. माणसं कुठं येतायत?"

मी कपाळावर हात मारला. भाजी करपली ती वेगळीच.

मग ह्यांनी मला शिकवायला घेतलं. ही वायर दोनच आवाज नेते म्हणाले, डावा आणि उजवा. एचडीएमआयची चपटी पिन घे. घेतली. लॅपटॉपमधून टीव्हीत, टीव्हीतून डब्यात. "डब्यावर काय लिवलंय?" मी चष्मा लावून वाचलं, "स्टीरिओ." म्हणजे परत दोनच आवाज. तर म्हणे टीव्हीच मधे बाकीचे आवाज गिळतोय, लॅपटॉप थेट डब्याला जोड आणि डब्यातून टीव्हीला फक्त चित्र दे. मी परत कपाटामागे घुसले, धूळ नाकात, गुडघे बोलतायत. ह्यांनी खुर्ची ओढून घेतली, हात मागे घातला आणि बोटांनी भोकं चाचपत सांगितलं, "ही नाय. हिच्या बाजूची." चुकले नाहीत एकदाही. मला कौतुक वाटलं आणि रागही आला. आठवडाभर पोरांना ओरडून घसा बसलाय, एक सुट्टीचा दिवस, आणि मी कपाटामागे!

तरी डब्यावर स्टीरिओच. "लॅपटॉपच दोन देत असंल," हे म्हणाले. "आडात नाय तर पोहऱ्यात कुठनं येनार?" मग लॅपटॉपच्या साउंडच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे डबा निवडला, स्टीरिओ काढून फाइव्ह पॉइंट वन केलं, म्हणजे पाच स्पीकर आणि एक ठोकळा. तिथे खोलीचं एक चित्र येतं. चित्रातल्या एकेका स्पीकरवर टिचकी मारली की तोच स्पीकर वाजायला पाहिजे.

समोरच्या डाव्यावर टिचकी मारली. पाचही वाजले. उजव्यावर मारली, गप्प. मधला, गप्प. मागचे दोन्ही, गप्प. पुन्हा डावा, तर पुन्हा पाचही वाजले. आणि दहा मिनिटांत डबा आपसूक बंद पडला, हात लावला तर तवा.

ह्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मागं जा. स्पीकरच्या वायरी हातात धर. किती जोड्या डब्यात गेल्यात?"

एकच गेली होती.

घोडं पेंड खात होतं ते तिथे! मी त्या साउंडवाल्याला फोन लावला. पुढच्या रविवारी तो आला, हसत, पानाचा तोबरा भरून. "मॅडम, मीच तं घेतलंय सगळं एका लायनीवर. आपल्या हळदीला आसंच आसतंय. मंडपात कोणी कुठं पन बसंल, आवाज सारखाच गेला पायजे. नायतर मागचे लोक बोंबलतात."

चाळीस हळदी वाजवलेला माणूस. त्याच्या हिशेबानं त्यानं न्यायच केला होता, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. पण माझ्या जिवाचा नुसता संताप झाला होता. म्हटलं, "बाबा रे, इथे एकच माणूस बसतो. आणि त्याला प्रत्येक बाजूनं वेगळं ऐकायचंय." त्यानं ह्यांच्याकडे बघितलं. तोंडातलं पान थुंकून आला, मांडी घातली आणि पाच स्पीकरच्या पाच जोड्या वेगळ्या करून ज्याच्या त्याच्या जागी लावल्या. चहाही न घेता गेला.

चित्रावर टिचक्या मारल्या. डावा, मधला, उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. एकेक जण आपापल्या जागेवरून बोलला. ह्यांची मान प्रत्येकाकडे वळत होती. मला रडायलाच आलं, थकव्यानं असेल.

जेवण झाल्यावर सिनेमा लावला. एका बंगल्यातल्या चोरीची गोष्ट, आम्ही फार पूर्वी पाहिलेली. मी ह्यांच्या शेजारी, लॅपटॉप मांडीवर. अर्धा-पाऊण तास तोंडातून शब्द काढला नाही, खरं तर बसल्या बसल्या डुलकीच लागत होती. हे मात्र ताठ बसले होते. समोरून माणसं बोलत होती, उजवीकडून गाडी गेली, आणि एकदम पाठीमागे, डाव्या बाजूला दार करकरलं, चपला वाजल्या.

आमच्या घरात त्या बाजूला स्वयंपाकघराचं दार आहे. स्कूटी मागे लावून मी रोज तिथूनच आत येते.

ह्यांनी झटकन मान वळवली. चेहरा असा खुलला, दोन वर्षांत पाहिला नव्हता. "आलीस? आज लवकर सुटली शाळा?"

रविवार होता. मी ह्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

मला वाटायचं, हा माणूस दिवसभर काही ऐकत नाही. तो सकाळी मी गेल्यापासून त्या एका दारावर कान लावून बसतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी लॅपटॉप हळूच खाली ठेवला.

"हो," म्हटलं. "आले."